शेकापची ताकद कोणत्या निवडणुकीत मोजायची?

प्रश्न : २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) एकच आमदार निवडून आला. लोकसभेत या पक्षाचा कोणीही नाही आणि विधान परिषदेतील जागाही त्याच वर्षी गेली. आमच्या रायगड जिल्ह्यात मात्र जिल्हा परिषदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत लाल बावट्याचा दबदबा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. मग हा पक्ष संपला असे म्हणायचे, की वरच्या सभागृहांतील आकडे फसवे आहेत असे मानायचे? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आकडे फसवे नाहीत. मात्र प्रत्येक स्तरावरचा आकडा वेगळी गोष्ट सांगतो आणि कोणत्याही एकाच आकड्यावरून पक्षाचे माप काढले की निष्कर्ष चुकतो. म्हणून विधानसभेपासून सुरुवात करून क्रमाने पाहू.

केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेसमधील बहुजन शेतकरी कार्यकर्त्यांना घेऊन स्वातंत्र्याच्या सुमारास हा पक्ष उभा केला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत तो तत्कालीन मुंबई राज्याच्या विधानसभेत १४ आणि हैदराबाद राज्याच्या विधानसभेत १० जागांवर विजयी झाला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने हे दोन्ही आकडे एकत्र धरल्याशिवाय पक्षाचा खरा पसारा लक्षात येत नाही. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक म्हणून लढताना पक्षाने द्वैभाषिक मुंबई राज्याच्या ३९६ जागांपैकी ३१ जिंकल्या. हा त्याचा विधानसभेतील सर्वोच्च आकडा. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६२ मध्ये १५, १९६७ मध्ये १९ आणि १९७२ मध्ये ७ जागा मिळाल्या. १९७८ मध्ये पुन्हा १३, १९८० मध्ये ९ आणि १९८५ मध्ये १३ असा चढउतार झाला. त्यानंतर मात्र उतार थांबला नाही: १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये २. २००९ मध्ये सांगोला, अलिबाग, पेण आणि उरण अशा चार जागा आल्या. २०१४ मध्ये उरण गेले आणि तीन उरल्या. २०१९ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा आणि २०२४ मध्ये सांगोला एवढीच एकेक जागा पदरात पडली.

या मालिकेतील साठच्या दशकाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. यशवंतराव चव्हाणांनी बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये सामावून घेण्याचे जे राजकारण केले, त्यामुळे शेकापची फळी फुटली असे सरसकट लिहिले जाते आणि नेत्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. स्वतः जेधे १९५४ मध्येच काँग्रेसमध्ये परतले होते. परंतु मतदार तितक्या सहजासहजी गेला नाही. १९६७ मध्ये पक्षाला राज्यात साडेसात टक्क्यांहून अधिक मते होती, तर कृष्णराव धुळप यांच्या रूपाने १९६२ पासून दहा वर्षे विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद शेकापकडेच होते. त्यांच्यानंतर दि. बा. पाटील आणि गणपतराव देशमुख यांनीही ते पद भूषविले. सभागृहात वीसपेक्षा कमी आमदार असताना मुख्य विरोधी पक्ष म्हणून काम करणे, कूळकायद्यापासून दुष्काळापर्यंत सरकारला प्रत्येक अधिवेशनात धारेवर धरणे, हे या पक्षाचे महाराष्ट्रावरील मोठे ऋण आहे, आणि ते जागांच्या तक्त्यात दिसत नाही. २०१४ पर्यंत मतांचा वाटा सुमारे एक टक्क्यावर आला होता.

लोकसभेची कहाणी निराळी आहे. १९५२ मध्ये दोन खासदार आले: सोलापुरातून शंकरराव मोरे आणि परभणीतून नारायणराव वाघमारे. १९५७ मध्ये समितीच्या लाटेत चार, १९६२ मध्ये एकही नाही, १९६७ मध्ये दोन. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत पाच खासदार निवडून आले आणि ती नावे अजूनही जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात: कुलाब्यातून (म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून) दि. बा. पाटील, कोल्हापुरातून दाजीबा देसाई, लातूरमधून उद्धवराव पाटील, नांदेडमधून केशवराव धोंडगे आणि परभणीतून शेषराव देशमुख. कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा या तिन्ही भागांतून एकाच वेळी खासदार येण्याचा तो शेवटचा प्रसंग ठरला. १९५७ असो की १९७७, कोल्हापूर आणि मराठवाड्यातील यश काँग्रेसविरोधी मोठ्या आघाडीच्या बळावर मिळालेले होते. ती आघाडी विस्कटली की त्या जागाही गेल्या.

कुलाबा मात्र या नियमाला अपवाद आहे. हा मतदारसंघ शेकापने १९५७, १९६७, १९७७, १९८४, १९९८ आणि १९९९ असा सहा वेळा जिंकला आणि त्यातील १९८४ चा विजय मला सर्वांत बोलका वाटतो. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत देशभर विरोधकांची दाणादाण उडाली असताना येथे दि. बा. पाटील निवडून आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जासई आणि परिसरात आंदोलन झाले होते, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले होते आणि विकसित भूखंडांच्या साडेबारा टक्के वाट्याची मागणी तेथूनच पुढे आली होती. ज्या घरातील जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने घेतली, त्या घराने लाट पाहून मत दिले नाही.

रामशेठ ठाकूर हे १९९८ आणि १९९९ असे सलग दोनदा निवडून आले आणि त्यांच्यानंतर शेकापचा खासदार लोकसभेत गेलेला नाही. याला पक्षांतर हे एक कारण आहे. ठाकूर पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि पनवेलमधील शेकापचा मोठा गट त्यांच्यामागे गेला. दुसरे कारण मतदारसंघांच्या फेररचनेचे आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. जुन्या कुलाबा मतदारसंघात पनवेल, पेण आणि अलिबाग एकत्र होते. २००८ च्या फेररचनेत पनवेल, कर्जत आणि नव्याने झालेला उरण हे विधानसभा मतदारसंघ घाटावरच्या मावळ, चिंचवड आणि पिंपरीला जोडून मावळ लोकसभा मतदारसंघ तयार झाला, तर रायगड मतदारसंघाला रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागर जोडले गेले. म्हणजे ज्या पट्ट्यात पक्षाचा मतदार दाट होता, तो पट्टा मधोमध चिरला गेला. २००९ ते २०१९ या काळात रायगड लोकसभेत शेकाप ज्याच्या बाजूने जाईल त्याचे पारडे जड होते, एवढीच भूमिका उरली. २०१४ मध्ये पक्षाने रायगडमध्ये रमेश कदम यांना उभे केले आणि त्यांनी सव्वा लाखाहून अधिक मते घेतली. अनंत गीते त्या वेळी सुनील तटकरे यांच्याविरुद्ध अवघ्या २,११० मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये शेकाप तटकरे यांच्यासोबत होता आणि ते तीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले. २०१४ मध्ये मावळातून शेकापने पुढे केलेले लक्ष्मण जगताप दुसऱ्या क्रमांकावर राहिले, परंतु ती मते शेकापची म्हणून मोजणे मला योग्य वाटत नाही. त्यातील मोठा वाटा चिंचवड परिसरातील त्यांच्या स्वतःच्या वर्चस्वाचा होता आणि त्याच वर्षी विधानसभेला ते भाजपकडून लढले.

प्रश्न : विधानसभेत पिछेहाट होत असताना जिल्हा परिषद आणि पालिका इतकी वर्षे शेकापच्या हाती कशा राहिल्या? (एक वाचक, पेण)

उत्तर : याचे मूळ पक्षाच्या स्थापनेपेक्षा जुने आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात खारेपाटातील (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींच्या पट्ट्यातील) कुळांनी खोतांच्या, म्हणजे जमीनमालक वतनदारांच्या, विरोधात जमिनी न कसण्याचा जो दीर्घ संप केला, त्याचे नेतृत्व नारायण नागू पाटील यांनी केले. या संपातून गावोगाव जी संघटना उभी राहिली, तीच पुढे शेकापची झाली. त्याच घराण्यातील दत्ता पाटील, प्रभाकर पाटील, मीनाक्षी पाटील आणि जयंत पाटील हे पुढच्या काळातील जिल्ह्याचे नेते. येथे पक्ष म्हणजे गावकीतील माणूस, सहकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँकेचे कर्ज, शाळेची इमारत, खारे पाणी अडवणाऱ्या बांधांची, म्हणजे खारबंदिस्तीची, दुरुस्ती. जिल्हा परिषदेचा गट काही हजार मतदारांचा असतो आणि तेथे ही रोजची ओळख पुरेशी ठरते. विधानसभेला दोन-तीन लाख मतदार असतात, त्यात नोकरीनिमित्त बाहेरून आलेली नवी वस्ती असते, आणि तिला चरीचा संप किंवा जासईचा गोळीबार ठाऊक असण्याचे कारण नसते.

२०१७ च्या रायगड जिल्हा परिषद निवडणुकीत ५९ पैकी २३ जागा जिंकून शेकाप सर्वांत मोठा पक्ष ठरला. शिवसेनेला १८, राष्ट्रवादी काँग्रेसला १२ आणि काँग्रेस व भाजपला प्रत्येकी ३ जागा होत्या. शेकाप आणि राष्ट्रवादी एकत्र आले, तरी अध्यक्षपद प्रथम राष्ट्रवादीच्या आदिती तटकरे यांच्याकडे गेले आणि शेकापच्या योगिता पारधी यांना ते उत्तरार्धात मिळाले. जवळपास दुप्पट सदस्य असलेल्या पक्षाने पहिली पाळी मित्रपक्षाला देणे हा आघाडीचा व्यवहार झाला. माझ्या मते मात्र तो महागात पडला, कारण जिल्हा परिषद ज्याच्या नावाने चालते त्याचीच माणसे पुढच्या विधानसभेला मजबूत होतात. २०१९ मध्ये अलिबाग आणि पेण हे दोन्ही बालेकिल्ले गेले, तर आदिती तटकरे श्रीवर्धनमधून आमदार झाल्या.

हा पक्ष जिल्हा परिषदेला किती महत्त्व देत आला, हे २००२ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. १९९९ मध्ये शेकापचे पाच आमदार विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारबरोबर होते. गणपतराव देशमुख मंत्री आणि मीनाक्षी पाटील राज्यमंत्री होत्या. रायगड जिल्हा परिषदेच्या सत्तेवरून राष्ट्रवादीशी बिनसले आणि शेकापने राज्य सरकारचा पाठिंबा काढून घेतला. सरकार जूनमध्ये विश्वासदर्शक ठरावावर कसेबसे तरले. एका जिल्हा परिषदेपायी मंत्रिपदे सोडली म्हणून तेव्हा पक्षाला आततायी ठरवले गेले. जिल्हा हातचा गेला तर मुंबईतील मंत्रिपद टिकणार नाही, हे त्यांचे गणित मला अजिबात चुकीचे वाटत नाही.

पनवेलचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि मे २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपने जिंकल्या. शेकापला २३ मिळाल्या. जुने पनवेल शहर आणि आजूबाजूची मूळ गावे यांत पक्षाची मते शिल्लक होती, पण खारघर, कामोठे, कळंबोली अशा सिडको वसाहतींच्या संख्येपुढे ती अपुरी पडली. ज्या जमिनींसाठी दि. बा. पाटील लढले, त्याच जमिनींवर उभ्या राहिलेल्या नगरांत त्यांच्या जुन्या पक्षाला मतदार मिळत नाही, ही या संपूर्ण हिशेबातील मला सर्वांत अधिक चटका लावणारी बाब आहे. पुढे पक्षाचे पनवेलमधील नेते चालवत असलेल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेवीदार बहुतांशी पक्षाच्याच प्रभावक्षेत्रातील होते, त्यामुळे हा घाव थेट पायावर बसला.

रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ तेथे प्रशासक राहिला. मोठ्या पक्षाला अशा काळात आमदार, मंत्री आणि शासकीय निधी यांचा आधार असतो. शेकापसारख्या पक्षाचे बळच जिल्हा परिषद सदस्य आणि पंचायत समिती सभापती यांच्यात असते आणि ही पदे रिकामी राहिली की कार्यकर्त्याला गावात सांगण्यासारखे काम उरत नाही. पेणचे माजी आमदार धैर्यशील पाटील भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये राज्यसभेवर निवडले गेले, हे याच काळातले.

प्रश्न : सांगोल्याचे मत शेकापचे की गणपतराव देशमुखांचे? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : गणपतराव १९६२ पासून २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा निवडून आले. त्यांचा १९७२ मध्ये पराभव झाला आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांच्याकडून अगदी थोड्या फरकाने ते पुन्हा पराभूत झाले आणि १९९९ मध्ये त्यांनी जागा परत मिळवली. हे दोन पराभव आपल्या प्रश्नाच्या उत्तराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. निव्वळ व्यक्तिपूजा असती तर पराभवानंतर मतदार पांगला असता. तसे झाले नाही, कारण टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्यासाठीचा पाठपुरावा, सहकारी सूतगिरणी आणि तालुक्यातील संस्था आमदारकी नसतानाही चालू राहिल्या.

२०१९ मध्ये गणपतराव वयोमानामुळे उभे राहिले नाहीत, त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख लढले आणि ७६८ मतांनी हरले. गणपतरावांचे निधन ३० जुलै २०२१ रोजी झाले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापू पाटील यांचा पराभव केला, आणि तोही महाविकास आघाडीतील शिवसेनेचा स्वतंत्र उमेदवार रिंगणात असताना. तेव्हा मत पक्षाच्या संघटनेचे आहे, पण उमेदवार देशमुख घराण्यातील असावा ही अटही त्या संघटनेनेच घातलेली दिसते. अलिबागलाही वेगळी स्थिती नाही. घराण्याबाहेरचा नेता उभा करण्यात हा पक्ष दोन्ही ठिकाणी कमी पडला, असे मी स्पष्टपणे म्हणेन. शेतकरी-कामगारांच्या पक्षाकडून ही अपेक्षा अधिक असते.

प्रश्न : स्थानिक संस्थांत इतके सदस्य असूनही पक्षाची मान्यता का टिकली नाही? आणि २०२४ मध्ये जयंत पाटील विधान परिषदेत का हरले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : निवडणूक आयोग राज्यस्तरीय पक्ष म्हणून मान्यता देताना केवळ लोकसभा आणि विधानसभा यांचे निकाल पाहतो. विधानसभेत सहा टक्के वैध मते आणि दोन आमदार, किंवा एकूण जागांच्या तीन टक्के, म्हणजे महाराष्ट्रात नऊ आमदार, अशा अटींपैकी एखादी पूर्ण करावी लागते. स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तेथील सदस्य या हिशेबात धरले जात नाहीत. त्यामुळे शेकाप हा नोंदणीकृत, परंतु मान्यता नसलेला पक्ष आहे आणि खटारा (बैलगाडी) हे जुने चिन्ह त्याच्यासाठी राखीव राहिलेले नाही. ज्या वयस्कर मतदाराने आयुष्यभर खटाऱ्यावर शिक्का मारला, त्याला प्रत्येक निवडणुकीत नवे चिन्ह समजावून सांगावे लागते आणि अटीतटीच्या लढतीत ही अडचण लहान नसते. २०१४ मध्ये उरणची जागा विवेक पाटील यांनी हजारांहून कमी मतांनी गमावली होती. २०२४ मध्ये तेथेच प्रीतम म्हात्रे सुमारे साडेसहा हजार मतांनी मागे राहिले, आणि मित्रपक्ष शिवसेनेच्या उमेदवाराने त्या लढतीत साठ हजारांहून अधिक मते घेतली.

विधान परिषदेचे उत्तर याच्याशी जोडलेले आहे. आमदारांनी निवडून द्यायच्या जागेसाठी शेकापकडे स्वतःची मते कधीच पुरेशी नव्हती. जयंत पाटील मित्रपक्षांच्या शिल्लक मतांवर निवडून येत आणि २०१८ मध्ये तर निवडणूक बिनविरोध झाली. जुलै २०२४ मध्ये अकरा जागांसाठी बारा उमेदवार उभे राहिले, विजयासाठी पहिल्या पसंतीची २३ मते हवी होती, शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचा पाठिंबा होता आणि पाटील यांना १२ मते मिळाली. त्याआधी २०२३ मध्ये कोकण शिक्षक मतदारसंघातील बाळाराम पाटील यांची जागा भाजपकडे गेली होती. ती जागा अधिक मोलाची होती, कारण २०१७ मध्ये ती शेकापने कोणाच्या शिल्लक मतांवर नव्हे, तर पाच जिल्ह्यांतील शिक्षकांच्या थेट मतांवर मिळवली होती. पक्षाला विधान परिषदेत परतायचे असेल तर आमदारांच्या मतांपेक्षा हा शिक्षक मतदारसंघच त्याच्यासाठी अधिक आवाक्यातला आहे.